विश्लेषण : एकाच गावाचे सात आराखडे, त्यांचा मेळ का बसत नाही?

ग्रामपंचायत, पाणीपुरवठा, कृषी, रोजगार हमी, वन, महिला बचत गट... गावाच्या भल्यासाठी प्रत्येकाचा आराखडा वेगळा. कागदावर प्रत्येक आराखडा ‘शाश्वत विकासा’साठीच असतो. तरीही एका आराखड्यातून खोदलेली विहीर दुसऱ्या आराखड्यातील नळयोजना कोरडी पाडते आणि एका खात्याने राखलेल्या माळावर दुसरे खाते सौर पॅनेल उभे करते. हे का घडते आणि त्यावर मार्ग कोणता?

गावासाठी किती आराखडे होतात?

७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना आर्थिक विकास आणि सामाजिक न्यायासाठी नियोजन करण्याचे काम सोपवले आणि अकराव्या अनुसूचीत २९ विषय दिले. या तरतुदीला खरे वजन आले ते २०१५ पासून. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला आणि त्यासाठी ‘ग्रामपंचायत विकास आराखडा’ आवश्यक ठरला. महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने तो ओळखला जातो.

मात्र हा एकमेव आराखडा नाही. रोजगार हमीच्या कामांची यादी आणि मजूर अंदाजपत्रक वेगळे. जलजीवन मिशनसाठी ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा गाव कृती आराखडा वेगळा. जलयुक्त शिवार किंवा अटल भूजल योजनेतील गावांत जलसुरक्षेचा आराखडा झालेला असतो. ‘पोकरा’, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या गावांत कृषी विभागाचे सूक्ष्म नियोजन असते. ‘उमेद’च्या बचत गटांचा गाव समृद्धी आराखडा असतो. जिथे सामूहिक वनहक्क मिळाला आहे तिथे वनव्यवस्थापनाचा आराखडा असतो. हे झाले सात. जैवविविधता कायद्याखालची लोकजैवविविधता नोंदवही याखेरीज. तो आराखडा नव्हे, पण गावात काय आहे याची सर्वात तपशीलवार नोंद तीत असायला हवी. प्रत्यक्षात राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दंडाचा इशारा दिल्यावर अनेक ठिकाणी या वह्या घाईघाईने ‘पूर्ण’ झाल्या. त्यातील बऱ्याच वह्या नंतर कुणी उघडल्या असतील का, ही शंकाच आहे.

सगळ्याच गावांत सगळे आराखडे नसतात, हे खरे. पण तीन-चार नाहीत असे गाव सापडणे कठीण.

अडचण नेमकी कुठे येते?

पाण्याचे उदाहरण घेऊ. समजा, मराठवाड्यात दोन हजार वस्तीचे आणि एक हजार हेक्टर क्षेत्राचे एक गाव आहे. जलजीवन मिशनचा निकष दरडोई दररोज ५५ लिटरचा. म्हणजे गावाला रोज एक लाख १० हजार लिटर आणि वर्षाला सुमारे चार कोटी लिटर पाणी लागेल. पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर या शिवारावर वर्षाला ५०० कोटी लिटर पाणी पडते. त्यातले दहा टक्के जमिनीत मुरले असे मानू. बेसॉल्टच्या कातळात यापेक्षा फार जास्त अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. म्हणजे भूजलात भर पडली ५० कोटी लिटरची. पिण्यासाठी हवे त्यातले जेमतेम आठ टक्के. चिंतेचे कारण दिसत नाही.

आता कृषी आराखडा पाहू. उसाला हंगामभरात साधारण २००० मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. दोन हेक्टर उसाचे पाणी आणि दोन हजार माणसांचे वर्षभराचे पिण्याचे पाणी सारखेच भरते. शिवारात २५ हेक्टर ऊस विहिरी-बोअरवर उभा राहिला, तर वर्षभरात मुरलेले सगळे पाणी तोच पिऊन टाकतो. २५ हेक्टर म्हणजे गावाच्या क्षेत्राचे अवघे अडीच टक्के. ऊस नसेल तर मोसंबी, डाळिंब, संत्रा. बाग जगवायची म्हणून प्लास्टिकचे अस्तर टाकलेले शेततळे येते. ३० बाय ३० मीटरच्या तीन मीटर खोल तळ्यात सुमारे २० लाख लिटर पाणी मावते. अशी २० तळी म्हणजे पुन्हा चार कोटी लिटर. शेततळ्याची मूळ कल्पना वाहून जाणारे पावसाचे पाणी साठवण्याची. अस्तर टाकलेली अनेक तळी मात्र विहिरी आणि बोअरमधून उपसा करून भरली जातात. जमिनीखाली सुरक्षित असलेले, सर्वांचे पाणी वर काढून उन्हात ठेवायचे आणि ते एका गटाच्या मालकीचे करायचे, असा हा व्यवहार. त्याला अनुदान मिळते आणि आराखड्यात त्याची नोंद ‘जलसंधारण’ अशी होते.

त्याच गावात रोजगार हमीतून सिंचन विहिरींची मागणी असते. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, हा नियम १९९३ च्या भूजल कायद्यापासून आहे. पण विहीर मंजूर करणाऱ्यासमोर नळयोजनेचा नकाशा नसतो आणि नळयोजना आखणाऱ्यासमोर विहिरींची यादी नसते. एप्रिल उजाडतो, योजनेची विहीर तळ गाठते आणि टँकरचा प्रस्ताव तहसील कार्यालयात जातो. नळ आहे, टाकी आहे, जलवाहिनी आहे, पाणी नाही.

‘जलयुक्त शिवार’बाबत महालेखापालांनी २०२० मध्ये दिलेल्या अहवालाचे सार याच दिशेचे होते. ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्च होऊनही गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण होणे आणि भूजल पातळी वाढणे या उद्दिष्टांवर फारसा परिणाम झाला नाही, असे त्यात म्हटले होते. त्या अहवालावर राजकारण पुष्कळ झाले. पाणी अडवण्याचा आराखडा आणि पाणी वापरण्याचा आराखडा दोन वेगळ्या टेबलांवर का होते, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

भांडण फक्त पाण्याचेच आहे का?

नाही. गायरान हे दुसरे उदाहरण, आणि सध्या ते अधिक तापलेले आहे. एकच गायरान रोजगार हमीच्या यादीत वृक्षलागवडीसाठी असते. बचत गटांच्या आराखड्यात शेळीपालन असते; त्या शेळ्या चरायच्या कुठे, तर त्याच गायरानावर. घरकुलांना जागा हवी असते तीही तिथेच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत कृषी फीडरसाठी सौर प्रकल्प उभारायला शासकीय आणि गायरान जमिनी दिल्या जातात. आणि नोंदवहीत, ती नीट झाली असेल तर, हाच माळ गवतांच्या जातींसाठी, लांडगा-खोकडासाठी, माळावरच्या पक्ष्यांसाठी नोंदलेला असतो. सौर ऊर्जा वाईट नाही. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे ही जुनी आणि रास्त मागणी आहे. पण ज्या मेंढपाळाचा किंवा दोन शेळ्यांच्या बाईचा चारा त्या जमिनीवर आहे, तिला हे कुंपण पडल्यावरच कळते. ज्याच्याकडे जमीन नाही त्याचा हिशेब बहुधा कुठल्याच आराखड्यात नसतो, आणि आराखडे एकमेकांवर आदळतात तेव्हा पहिला धक्का त्यालाच बसतो.

मेळ का बसत नाही?

एक कारण सीमांचे. ग्रामपंचायतीची हद्द महसुली, पाण्याची हद्द पाणलोटाची, जंगलाची हद्द वनकक्षाची. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने राज्याची विभागणी सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत केली आहे. ग्रामपंचायती सुमारे २८ हजार आहेत. वरच्या गावाने नाला अडवला की खालच्या गावाच्या विहिरीवर परिणाम होतो, पण दोन्ही गावांच्या ग्रामसभा एकमेकींचा ठराव वाचत नाहीत. तसा काही शिरस्ताच नाही.

दुसरे कारण समित्यांचे. पाण्याची समिती वेगळी, वनहक्काची वेगळी, जैवविविधतेची वेगळी, प्रकल्पाची वेगळी. नावे बहुधा तीच पंधरा-वीस, सह्या त्याच. ग्रामसेवकाकडे अनेकदा एकाहून जास्त ग्रामपंचायतींचा कारभार असतो. आराखडा ऑनलाइन भरण्याची मुदत जवळ आली की संगणक परिचालकासमोर बसून मागच्या वर्षीची कामे थोडी फिरवून भरली जातात. शिवारफेरी झाल्याचा फोटो लागतो, तोही निघतो. यात केवळ आळस आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. सात खात्यांच्या सात नमुन्यांत तीच माहिती भरायला लावल्यावर दुसरे काय होणार?

तिसरे कारण पैशाचे, आणि ते सर्वात वजनदार आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळात ग्रामीण स्थानिक संस्थांच्या निधीपैकी ६० टक्के निधी बंधित ठेवला, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. हेतू चांगला. पण उरलेल्या ४० टक्क्यांत गावाच्या नियोजनाला किती वाव राहतो? बाकी सगळा पैसा खात्यांच्या योजनांतून येतो आणि योजना ‘लक्ष्यांक’ घेऊन येते. तालुक्याला इतक्या विहिरी, इतकी तळी, इतके हेक्टर फळबाग. लक्ष्यांक आधी ठरतो, गावाची गरज नंतर त्यात बसवली जाते. आराखडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण त्यांना जुळायचे असते ते वरच्या लक्ष्यांकाशी.

कायद्यात एकत्रीकरणाची तरतूद नाही का?

आहे, आणि ती बरीच स्पष्ट आहे. घटनेच्या अनुच्छेद २४३ झेडडीनुसार जिल्हा नियोजन समितीने पंचायती आणि नगरपालिकांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा विकास आराखड्याचा मसुदा तयार करायचा असतो. तो करताना जागेचे नियोजन, पाणी व इतर नैसर्गिक संसाधनांची वाटणी आणि पर्यावरण संवर्धन या सामाईक बाबींचा विचार करावा, असेही तिथे म्हटले आहे. महाराष्ट्राने १९९८ मध्ये त्यासाठी कायदाही केला. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील या समितीच्या बैठकांच्या बातम्या वाचकांनी वाचलेल्या असतात. त्यात निधी किती, खर्च किती, कोणत्या आमदाराची कोणती मागणी हे असते. वरच्या गावाचे आणि खालच्या गावाचे पाणी कसे वाटायचे यावर तिथे चर्चा झाल्याचे क्वचितच वाचायला मिळते.

वनहक्क कायद्याच्या २०१२ मधील सुधारित नियमांत एक वेगळी आणि दुर्लक्षित तरतूद आहे. ग्रामसभेच्या समितीने सामूहिक वनक्षेत्राचा संवर्धन व व्यवस्थापन आराखडा करायचा आणि तो वन विभागाच्या कार्य आयोजनेशी, म्हणजे वर्किंग प्लॅनशी जोडून घ्यायचा. पण त्यात कोणते बदल आवश्यक आहेत हे समितीने ठरवायचे. एकत्रीकरण म्हणजे कोणी कोणात सामावून जायचे, हा खरा प्रश्न असतो. इथे नियमाने पारडे गावाकडे झुकवले आहे.

जिथे मेळ बसला, तिथे काय झाले?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे नाव इतक्या वेळा घेतले जाते की काही वाचकांना त्याचा कंटाळा आला असेल. पण बहुतेक वेळा सांगितली जातात ती तिथली बांधबंदिस्ती, चराईबंदी, श्रमदान. त्याहून महत्त्वाची गोष्ट नंतरची. पावसाची आणि विहिरींच्या पातळीची मोजणी करून गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढले जाते, काही वाटा जमिनीत राखला जातो आणि उरेल त्यावर रब्बीत व उन्हाळ्यात काय घ्यायचे हे ग्रामसभेत ठरते. पाऊस कमी झाला त्या वर्षी पिकाखालचे क्षेत्र कमी. ऊस-केळी नाही, सिंचनासाठी बोअर नाही. थोडक्यात, पाणलोटाचा, पिकांचा आणि पिण्याच्या पाण्याचा असे तीन आराखडे तिथे एकाच आकड्यावर उभे राहिले. पोपटराव पवार यांच्यासारखे नेतृत्व प्रत्येक गावाला मिळणार नाही, हा आक्षेप बरोबर आहे. पण ताळेबंद मांडायला असामान्य नेतृत्व लागत नाही. तो पाळायला लागते, आणि खरी मेख तिथेच आहे.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाचा रस्ता निराळा. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासमंडळे चालत. विषय आधी अभ्यासायचा, मग ग्रामसभेत सर्वसहमती होईपर्यंत बोलायचे. बहुमताने निर्णय नाही. वेळ लागतो, पण एकदा ठरले की ‘ही अमुक खात्याची योजना’ असे राहत नाही. कोणत्याही खात्याचा प्रस्ताव एकाच ठिकाणी, एकाच सभेपुढे येतो. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टरवर हक्क मिळाल्यानंतर तेंदूपाने तोडणे थांबवले. पानांसाठी झाडे छाटली जातात आणि वणवे लावले जातात, हे त्याचे कारण. मिळणारे पैसे सोडून देऊन उत्पन्नासाठी बांबूवर भर देण्याचा हा निर्णय होता. उपजीविकेचा आराखडा आणि जंगलाचा आराखडा एकाच सभेसमोर नसता, तर तो झाला नसता.

केरळने १९९६ मध्ये लोकनियोजन मोहीम सुरू केली तेव्हा राज्याच्या योजना निधीचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे वळवला. त्याहून अनुकरणीय बाब म्हणजे निवृत्त अभियंते, शिक्षक, अधिकारी यांची स्वयंसेवी तांत्रिक फळी उभी करून पंचायतींचे प्रकल्प तपासून घेण्याची व्यवस्था. आपल्याकडे तालुक्याच्या गावी निवृत्त झालेले कितीतरी कनिष्ठ अभियंते, कृषी अधिकारी, भूगोलाचे प्राध्यापक आहेत. त्यांना कोणी विचारत नाही.

मग आठवा ‘एकात्मिक आराखडा’ करायचा का?

ही भीती रास्त आहे. ‘एकात्मिक’ हा शब्द सरकारी कागदावर आला की आणखी एक नमुना, आणखी एक संकेतस्थळ आणि आणखी एक मुदत येते. मुंबई किंवा दिल्लीत बसून सगळे आराखडे एका संगणकप्रणालीत ओतले म्हणजे मेळ बसला, असे मानणे चुकीचे ठरेल. त्याने सात विसंगत याद्यांची एक लांबलचक विसंगत यादी होईल.

गावाच्या पातळीवर तुलनेने साध्या गोष्टींनी सुरुवात होऊ शकते. पहिली, क्रम बदलणे. पाण्याचा ताळेबंद आधी आणि बाकी सगळे आराखडे नंतर, त्याच्या मर्यादेत. दुसरी, एक नकाशा. प्रत्येक आराखड्यातील प्रत्येक काम गट क्रमांकासह गावाच्या एकाच नकाशावर मांडायचे आणि तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा. ‘गट क्रमांक १४२’ मध्ये वृक्षलागवडही आहे आणि सौर प्रकल्पही, हे मग कोणालाही उठून दिसते. नळयोजनेच्या विहिरीभोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढायला कंपासपेटी पुरते. तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे : ग्रामसभेला योजना परत पाठवण्याची मुभा. आज अनेक योजनांना ग्रामसभेचा ठराव लागतो, पण नकाराचा ठराव कोणी अपेक्षितच धरलेला नसतो. लक्ष्यांक अपुरा राहिला म्हणून अधिकाऱ्याला खुलासा द्यावा लागत असेल, तर तो गावाला ‘नको’ म्हणू देणार नाही. तेव्हा हा बदल गावात नव्हे, जिल्हा परिषदेत आणि मंत्रालयात व्हायला हवा. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. पाणी, सरपण, चारा यांचे प्रश्न सर्वाधिक तिथेच निघतात. तिचे इतिवृत्त मुख्य सभेत वाचले गेले तरी पुष्कळ.

यात सगळे गोड नाही. ज्याने कर्ज काढून मोसंबीची बाग लावली आहे त्याला ताळेबंदाचा आकडा दाखवून ‘यंदा पाणी कमी वापर’ म्हणणे सोपे नाही. बाग एका वर्षापुरती बंद ठेवता येत नाही. ज्याच्याकडे विहीरच नाही त्याला मात्र आजवर कोणी विचारले नव्हते. तूट निघाली तर ती कोणी सोसायची, याचा निवाडा कोणतीही संगणकप्रणाली करणार नाही. भूजल अधिनियम २००९ राज्यात २०१४ पासून लागू आहे. खोल विहिरींवरील निर्बंधांची त्यात सोय आहे. पण सरपंचाने शेजाऱ्याच्या बोअरची तक्रार तहसीलदाराकडे करावी आणि त्याच शेजाऱ्याकडे पुढच्या निवडणुकीत मत मागावे, अशी अपेक्षा ठेवून कायदा चालत नाही. ग्रामसभेत सर्वांदेखत झालेला ठराव हाच त्याला आधार. तोही एका गावापुरता. पाणलोटातल्या चार-पाच गावांनी आपापले ताळेबंद एकत्र बसून पाहायचे, तर त्यासाठी पंचायत समितीने बैठक बोलवावी लागेल.

वेळापत्रकाच्या दृष्टीने ऑक्टोबर सोयीचा आहे. रोजगार हमीच्या कामांची निवड आणि विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आसपास असते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. २ तारखेच्या सभेत हा आकडा हाती नसतो. पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विशेष ग्रामसभा घेता येते आणि तोवर हरभऱ्याची बरीच आणि गव्हाची जवळपास सगळी पेरणी व्हायची असते.